आमच्या वस्तीच्या कुलपांविषयी, खाजगी

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे उभ्यानेच केलाय, पण पूर्ण धरावा). तुमचा गुडघा जिना चढू देतो का? मामींचा खोकला गेला का? इकडे सगळे मजेत, मी सोडून. एवढं लिहीपर्यंत दोनदा उठून दार बघून आलो.

त्याचं असं झालं. आमच्या चौकामागचा कुलपांचा कारखाना बंद पडायला आला होता. अकरा माणसं तिथे, निम्मी आमच्याच गल्लीतली. तेव्हा मी (तुमच्या भाच्याला गप्प बसवत नाही, तुम्ही जाणताच) दारोदार फिरलो. बाहेरचा माल कशाला, आपल्या माणसांचं कुलूप घ्या, असं प्रत्येक उंबऱ्यावर भाषण ठोकलं. दोन महिन्यांत दीडशे दारांवर आपलंच कुलूप. सत्तरीच्या मालकीणबाई मला बघून रडल्या. मीही थोडा रडलो.

परवा भर दुपारी घरी आलो, कुलूप काढलं, पंखा लावून आडवा झालो. पंखा नेहमीपेक्षा बरा फिरतोय असं वाटलं, तेवढ्यात डोळा लागला. जाग आली ती खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंच्या आवाजाने. "भाऊजी, आमच्या पलंगावर काय करताय?" मी एक मजला कमी चढलो होतो. दार उघडंच होतं, अशी थाप मारून सुटलो (तेव्हापासून त्या नवऱ्याला विसरभोळा म्हणून फैलावर घेतायत, आणि मला जिन्यात मान वर करवत नाही). पण मजला चुकला तरी किल्ली कशी लागली? मग गुपचूप शाळेचं फाटक बघितलं, औषधवाल्याचं शटर बघितलं. सगळं उघडलं. डॉक्टरीणबाईंकडे जरा हलवावी लागली. कारखान्यातला किल्ल्यांचा कारागीर शांतपणे म्हणाला, "तुम्हीच एवढ्या ऑर्डरी आणल्यात साहेब, वेगवेगळे दात पाडायला वेळ कुठला? एकच साचा चालवला."

आता बोललो तर उद्या दीडशे कुलपं परत आणि अकरा माणसं घरी. न बोललो तर दीडशे घरं उघडी. जेवण जात नाही, बसवत नाही. मामा, मला खरंच भीती वाटते.

तुमचा, दाराशी उभा असलेला,
भाचा

ता. क. तुम्ही तीस वर्षं मोठ्या कारखान्यात किल्ल्या घडवल्यात. कानशी घेऊन महिनाभर या आणि यांना शिकवा. तेलपाणी फुकट म्हणून सगळी कुलपं परत मागवतो, वेगवेगळी करून लावू.

ता. क. पुन्हा. आलात आणि घरी कोणी नसलं तर बाहेर ताटकळू नका. गेल्या महिन्यात मी कौतुकाने पाठवलेल्या कुलपाची किल्ली आणा, दार उघडेल. आणि ते कुलूप तुमच्या दारावर असलं, तर निघण्यापूर्वी दुसरं घ्या. कुठलंही चालेल, फक्त इथे कुणाला सांगू नका.