ब्रिजिद की ब्रिजिट?

सेंट ब्रिजिद मठ, बफलो
३ नोव्हेंबर १९८७

चि. डर्मट यास रोझलीनताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या नोरीनचं मी सगळं जमवून ठेवलंय. गुरुवारी, १२ तारखेला, तिला आपल्या ब्रिजिदच्या शाळेत दिवसभर पाहुणी म्हणून बसायला बोलावलंय. वर्ग बघेल, मुलींबरोबर जेवेल, की झालं. प्रवेशाच्या अर्जावर एकाच शाळेचं नाव द्यायचंय आणि तो १५ डिसेंबरच्या आत जायला हवा. आई तिथेच शिकली, मी शिकले आणि पुढे अडतीस वर्षं मी तिथेच लॅटिन शिकवलं. आपल्या हॅनराटी घरची पोर दुसरीकडे कशाला जाईल?

पोर अडखळत बोलते म्हणून आताच्या शाळेत मुलगे तिची नक्कल करतात, हे तिच्या आईने, वांडाने, फोनवर सांगितलं तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. आपल्याकडे नुसत्या मुली, त्याही ओळखीच्या घरच्या. तिला वेळेवर पोचव, आणि दाढी करून जा.

तुम्हा तिघांसाठी रोज मेणबत्ती लावते. माया आहेच, खुशाली कळवत जा.
तुझी ताई

१४ नोव्हेंबर १९८७

ती. स्व. ताईस शि. सा. न. वि. वि.

आधी खुर्चीत नीट बस. गुरुवारी सरोवराकडून बर्फाचं वादळ आलं, मी पहाटेपासून पालिकेची बर्फ उपसायची गाडी चालवत होतो. तिथून तसाच घरी येऊन नोरीनला घेऊन निघालो. तुझ्याकडचा रस्ता बंद, म्हणून वळसा घेतला आणि चुकलो. पेट्रोलपंपावरच्या माणसाला विचारलं, सेंट ब्रिजिदची मुलींची शाळा कुठे. त्याने दाखवली, बर्फात इमारत धड दिसेना, मी पोरीला सोडलं. पायरीवर पुतळासुद्धा होता, ताई. संध्याकाळी आणायला गेलो तेव्हा पाटी वाचली. ती ब्रिजिट निघाली, शेवटी ‘ट’. स्वीडनची संत, आपली आयर्लंडची नव्हे.

त्या बायांनी अनोळखी मुलगी बघून काही न विचारता वर्गात बसवून घेतली, म्हणे. इतिहासाच्या तासाला बाईंनी तिला प्रश्न विचारला. ती पहिल्याच शब्दाला अडली. कुणी हसलं नाही, कुणी शब्द पुरवला नाही. बाई खडू हातात घेऊन उभ्या राहिल्या. आणि नोरीनने पूर्ण उत्तर दिलं. गाडीत बसल्यापासून घर येईपर्यंत ती बोलत होती. अडखळत, पण बोलत होती. मला पुढचा रस्ता नीट दिसेना, आणि ते बर्फामुळे नव्हे.

आता म्हणते, तिथेच जायचं. वांडा पोलिश घरची, तिला आयतंच सापडलं. आयरिश माणसाला स्वतःची ब्रिजिद ओळखता येईना, असं सगळ्या गल्लीला सांगत फिरतेय.

रागाव, पण तोडू नकोस.
तुझा डर्मट

१९ नोव्हेंबर १९८७

चि. डर्मटला आशीर्वाद.

आपल्या ब्रिजिदच्या हातात लव्हाळ्याचा क्रूस असतो. त्या दुसरीच्या हातात पुस्तक आणि लेखणी. हे पहिलीतल्या पोरांना कळतं. तू काय तिला टोपी घातलेला पोस्टमन समजलास?

एका दिवसाच्या कौतुकावर चार वर्षं काढता येत नाहीत. पाहुणीशी सगळेच गोड वागतात. इथे मी मुख्याध्यापिका सिस्टर क्लेमंटना आधीच सांगून ठेवलंय की नोरीनला वर्गात कधी उभं करायचं नाही, मोठ्याने वाचायला लावायचं नाही. तोंडी परीक्षाही माफ. एवढं तिच्यासाठी दुसरं कोण करणार आहे? हे पत्र तिला वाचायला दे.

थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला येते आहे. तेव्हा रागावलेली असेन, तरी पान वाढून ठेव.
रोझलीन

२८ नोव्हेंबर १९८७

ती. स्व. आत्यास नोरीनचा सा. न. वि. वि.

परवा जेवताना शाळेचा विषय कुणीच काढला नाही, म्हणून लिहिते. लिहिताना मी अडत नाही.

तू मला किती जपतेस, ते मला माहीत आहे. पण परवा मला क्रॅनबेरी हवी होती. मी ‘क्र’वर अडले, तर तू घाईने म्हणालीस, ग्रेव्ही ना, आणि अख्खा डाव माझ्या ताटात ओतलास. मला ग्रेव्ही आवडत नाही. तरी खाल्ली. असं तीनदा झालं. शाळेतले मुलगे हसतात म्हणून मी गप्प बसते. आणि घरी तू माझी वाक्यं पुरी करतेस, म्हणून गप्प बसते.

मला माफी नको, आत्या. मला उभं राहायचं आहे. त्या शाळेत उत्तर द्यायला मला खूप वेळ लागला, पण ते उत्तर माझं होतं.

तुझ्या शाळेवर राग नाही. माझ्यावरही नसू दे.
नोरीन

४ डिसेंबर १९८७

चि. नोरीन हिला आत्याचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू? मग जेराल्डीन आठवली. पंचवीसएक वर्षांपूर्वी माझ्या वर्गात होती, तुझ्यासारखीच अडखळायची. ती उभी राहिली की मी म्हणे, बस बाळ, बस. चार वर्षांत तिचं एकही पूर्ण वाक्य मी ऐकलं नाही. तिला त्रास नको म्हणून, असं मी स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मलाच थांबवत नव्हतं. मला फार वाईट वाटतं गं.

तर अर्जावर ब्रिजिट लिही. ‘ट’ नीट काढ, बापाच्या हाती पेन देऊ नकोस. सिस्टर क्लेमंटना मी काल सांगितलं. त्या मला म्हणाल्या, स्वीडनच्या का होईना, आहेत तर संतच. हे मला म्हणावं, मला!

नाताळला येते आहे. त्या टेबलावर जेवणाआधीची प्रार्थना आजवर मीच म्हणत आले. यंदा तू म्हणायचीस. आम्ही सगळे हात जोडून, डोळे मिटून बसू. लागेल तेवढा वेळ लागू दे, हॅम गार होऊ दे. तुझा डर्मटबाबा चुळबुळला तर टेबलाखालून मी बघून घेईन. शब्द सगळे तुझे. आमच्या वाट्याला ‘आमेन’ तेवढं ठेव, तेही तुझं पुरं झाल्यावर.

वाट बघणारी,
तुझी आत्या