डोक्यात काही निघालं नाही

ताई, तुझ्या तापट भावाचा नमस्कार.

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. मेंदूचे फोटो काढतात तिथे कामाला आहे. मशीन तपासायला दर सोमवारी आमच्यापैकीच एकाला, बहुतेकदा मलाच, आत निजवतात. बाहेरून माइकवर विचारतात, "बरा आहेस ना?" आठवडाभरात एवढंच काय ते कुणी विचारतं.

डॉक्टर सांगतात, राग मेंदूतल्या बदामाएवढ्या भागातून उसळतो आणि कपाळामागचा भाग त्याला आवरतो. मी माझा फोटो मुद्दाम नीट बघायला लावला. म्हणाले, "ठणठणीत आहे, घरी कळव."

मला वाटलं होतं, काहीतरी बिघाड निघेल, तुला कारण सांगता येईल. नाही निघाला. त्या दिवशी हात मीच उचलला.

त्या कानाने आता ऐकू येतं का गं?

तुझा,
धाकटा