पांढरा पाइप

दि. ४ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
अ. उ. आशीर्वाद.

तुझ्या पंचावन्नाव्या वर्षीही मी तुला याच नावाने हाक मारते म्हणून तुझी बायको हसत असेल, तर खुशाल हसू दे. फोनवर बोलायची सोय नाही. कॉम्प्रेसरच्या खोलीत तीस वर्षं काढून तुझे कान गेलेत. मी गुडघ्याचं विचारते आणि तू हवामान सांगतोस. म्हणून पत्रच बरं.

बातमी अशी, की आता तुझ्या भावोजींनीही कॉम्प्रेसर आणलाय. बस चालवणं बंद झाल्यापासून यांचे हात नुसते शिवशिवत होते. मागच्या शेडमध्ये सुतारकाम चालू होतंच. त्यात बालवाडीच्या बाईंनी चाळीस छोट्या खुर्च्या करायला सांगितल्या. ब्रशने रंगवत बसलो तर मुलं कॉलेजात जातील, म्हणून आता हवेने रंग फवारायचा. मशीन शेडच्या बाहेर भिंतीलगत ठेवलंय, कारण ते सुरू असलं की आम्हाला एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. माझी त्याला काही हरकत नव्हती, पण यांची होती.

हवा आत तीन ठिकाणी हवीय: रंगाच्या कोपऱ्यात, करवतीपाशी आणि दाराजवळ, अंगावरचा भुसा उडवायला. न्हाणीघराच्या कामातला पांढरा प्लास्टिकचा पाइप उरलाय. तो चालेल का, की लोखंडीच हवा? हे तुला स्वतः विचारणार नाहीत, मेहुण्याला विचारायचं म्हणजे यांना कमीपणा वाटतो. लोखंडी असेल तर त्याला आटे पाडायचं यंत्र इथे कुणाकडे नाही, तुझ्याकडे आहे. महिनाअखेरीला तुमचा कारखाना चार दिवस बंद असतो ना? तेव्हा ये. वर्ष झालं तोंड दाखवून.

उत्तराला उशीर झाला तरी चालेल, मायेला होऊ देऊ नकोस.

तुझी ताई


दि. ११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. भावोजींनी मशीन आणलं हे वाचून गंमत वाटली. त्यांना म्हणावं, याला हॉर्न नसतो.

यावेळी सुटी नाही गं. मोठ्या मशीनचं काम काढलंय, मला थांबावंच लागेल. पण यात अवघड काही नाही. हवेबरोबर पाणी येतं, म्हणून पाइपला मशीनच्या टाकीकडून पुढे थोडा उतार द्या आणि शेवटी पाणी सोडायला एक तोटी ठेवा. आतले फाटे पाइपच्या वरच्या अंगाने काढा, म्हणजे पाणी रंगात उतरणार नाही. टाकीच्या बुडाचा नळ रोज संध्याकाळी उघडून पाणी काढून टाका. हे विसरलं तर टाकी आतून गंजते.

पांढरा पाइप चालेल. घरचंच तर काम आहे. दाब मात्र चार किलोच्या वर नेऊ नका.

चहाच्या सुटीत लिहितोय, भोंगा झाला. अक्षर वाकडं असलं तरी मन सरळ आहे असं समजून घे.

तुझा ठोंब्या


दि. ९ मार्च

चि. ठोंब्यास,
अ. उ. आशीर्वाद.

जमलं! तू लिहिलं होतंस तसा उतार दिला, फाटे वरून काढले. यांनी तुझं पत्र शेडच्या भिंतीला खिळ्याने लावून ठेवलंय आणि आल्यागेल्याला ते स्वतः लिहिल्यासारखं समजावून सांगतात. रंग असा बसतो की खुर्चीवर हात फिरवत राहावंसं वाटतं. आतापर्यंत नऊ झाल्या. पिवळ्या पाच, निळ्या चार. बसमध्ये असताना हा माणूस घरी आला की गप्प बसायचा. आता जेवताना हवेच्या दाबावर बोलतो आणि मी ऐकते. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, आता आम्हाला बोलायला विषय मिळाला.

शेजारचे मास्तर आवाजाची तक्रार घेऊन आले होते. यांनी त्यांच्या सायकलला हवा भरून दिली. आता रोज येतात.

तू आला असतास तर बरं वाटलं असतं, पण कामापुढे तू तरी काय करणार. आठवण काढत जा, ती पाठवायला तिकीट लागत नाही.

तुझी ताई


दि. १७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वाचून आनंद झाला. एक विचारायचं होतं. मशीनपासून शेडपर्यंतचा पाइप उन्हात आहे का? असेल तर त्यावर पोतं वगैरे टाकून ठेवा. प्लास्टिक उन्हाने कडक होतं. आणि चार किलोचं लक्षात आहे ना? सवडीने कधीतरी लोखंडी पाइप टाकला तर अधिक चांगलं, पण घाई नाही.

आम्ही सगळे ठीक. तुमचाही लोभ असाच राहो.

तुझा ठोंब्या


दि. २ मे

चि. ठोंब्यास,
आशीर्वाद.

हे पत्र बसून वाच.

एकवीस एप्रिलला दुपारी शेडमधला पाइप फुटला. दारापाशी तो जिथे वळतो, तिथे. हे खाली वाकून खुर्ची उचलत होते. बार उडावा तसा आवाज झाला आणि पांढऱ्या कपच्या सगळ्या शेडभर उडाल्या. एक यांच्या उजव्या डोळ्यात गेली. दोन गालात होत्या, त्या निघाल्या. दवाखान्यात अकरा दिवस होतो, काल घरी आलो. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, त्यांनी हात धरून सांगितलं की डोळा राहील पण दृष्टी येणार नाही.

ज्या माणसाने इतकी वर्षं गाडीला ओरखडा येऊ दिला नाही, तो काल ग्लासात पाणी ओतताना ग्लासाच्या बाहेर ओतत होता. मी फडकं घेऊन गेले तर म्हणाले, राहू दे, वाळेल.

आता जे कुणालाच सांगितलं नाही, ते तुला सांगते. त्या सकाळी मी दाब वाढवला. रंगाची गन नीट फवारत नव्हती, थेंब उडत होते, आणि हे वैतागले होते. हे तोंड धुवायला गेले तेव्हा मी दाबाचा स्क्रू फिरवला. काटा सहाच्या पुढे गेला. गन छान चालली. हे म्हणाले, आपोआप सुधारली बघ. मी हसले.

तू चार लिहिलं होतंस. ते पत्र माझ्या डोळ्यांसमोर भिंतीवर होतं.

माझी माया तुझ्यावर आहेच, तुझी माझ्यावर राहील का ते तू ठरव.

ताई


दि. ९ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. भावोजींना जप. डोळ्यात औषध वेळेवर घाल.

काट्यावर नजर ठेवायला हवी होती हे खरं, पण तू मुद्दाम काही केलं नाहीस. मनाला लावून घेऊ नकोस. अशा गोष्टी होतात. इथे सध्या कामाचा फार ताण आहे, नाहीतर लगेच आलो असतो.

सगळ्यांना नमस्कार.

तुझा ठोंब्या


दि. २४ मे

चि. ठोंब्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र मी इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटायला आलंय. काट्यावर नजर ठेवायला हवी होती, असं तूही म्हणतोस. तुझा जन्म त्या कामात गेला, तुला कळतं.

पत्र आलं त्याच दिवशी मी यांना सांगून टाकलं. स्क्रू मी फिरवला म्हणून. हे ऐकून ठीक आहे म्हणाले आणि उठून बाहेर गेले. त्यानंतर आम्ही एका घरात राहतो एवढंच. मी औषध घालायला गेले की मान वर करतात, घालून झालं की खाली. ओरडत नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. शेडला कुलूप आहे. बालवाडीच्या बाई येऊन गेल्या, खुर्च्यांचं काही बोलल्या नाहीत, यांच्यासमोर दहा मिनिटं नुसत्या बसून राहिल्या.

मला जेवण जात नाही. थोरल्या जाऊबाई चार दिवस त्यांच्याकडे ये म्हणतात. जावं म्हणते. माझं तोंड दिसणार नाही तेवढाच यांना आराम.

तू तरी ये रे.

ताई


दि. ३० मे

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

कुठेही जाऊ नकोस. आधी हे पत्र वाच, मग भावोजींना मोठ्याने वाचून दाखव. माझी एवढी एकच विनंती आहे.

पाइप तुझ्यामुळे फुटला नाही. सहा किलो म्हणजे काहीच नाही. लोखंडी पाइप दहालाही कुरकुरत नाही. हवेसाठी प्लास्टिकचा पाइप वापरायचाच नसतो, चारलाही नाही. पाण्याचा पाइप फुटला तर चिरतो आणि पाणी गळतं. हवेचा फुटला तर त्याचे तुकडे गोळीसारखे सुटतात. आज नाही तर पावसाळ्यानंतर, चार किलोवरसुद्धा तो गेलाच असता.

मला माहीत होतं.

आमच्या मशीनच्या खोलीत दाराशी पाटी आहे, हवेसाठी प्लास्टिकचा पाइप लावू नये. ती पाटी मी रंगवली आहे. नवीन माणूस कामावर आला की मी त्याला पहिल्यांदा तिच्यापुढे उभं करतो.

मग तुला चालेल असं का लिहिलं? लोखंडीच हवा असं लिहिलं असतं, तर आटे पाडायला मला यावं लागलं असतं. कारखाना चार दिवस बंद होता, ताई. मोठ्या मशीनचं काम वगैरे काही नव्हतं. मी कुठे गेलोही नाही. घरी पडून होतो. दुपारी झोपलो, संध्याकाळी चालून आलो. एवढ्यासाठी.

नंतर मार्चमध्ये मनाला टोचलं, तेव्हा पोतं टाका म्हणून लिहिलं. काढून टाका असं लिहायला हवं होतं. पण मग आधीचं खोटं ठरलं असतं. आणि तू अपघाताचं कळवलंस, स्क्रूचं सांगितलंस, तेव्हा मला, हे लिहिताना लाज वाटते, सुटल्यासारखं वाटलं. म्हणून काट्याचं ते वाक्य लिहिलं. बायकोला काल सगळं सांगितलं. ती म्हणाली, हे पत्र तू आज टाकलं नाहीस तर मी टाकेन.

भावोजींपुढे उभं राहायची माझी लायकी नाही. लोभ मागत नाही.

तुझा भाऊ


दि. १२ जून

मेहुण्यास,

अक्षर ओळीवरून घसरतं, चालवून घे. अजून सवय नाही.

पत्र तिने वाचलं. मधे थांबली, पुढे जाईना. मी म्हटलं, वाच. मग पूर्ण वाचलं आणि माझ्याकडे न बघता स्वयंपाकघरात गेली. बऱ्याच वेळाने भांड्यांचा आवाज आला, आणि त्या दिवशी ती माझ्याबरोबर जेवली.

मला तुझा राग आला. आजही आहे. तू समोर असतास तर हात उचलला असता. चार दिवस तुझं नाव घरात काढू दिलं नाही. भिंतीवरचं तुझं ते पत्र फाडायला शेड उघडली. पण फाडलं नाही. पाण्याचा उतार वगैरे बाकी सगळं बरोबर लिहिलं आहेस.

पण एक सांगतो. तिने स्क्रूचं सांगितलं त्यानंतर तीन आठवडे मी तिच्याशी धड बोललो नाही. मला काही माहीत नव्हतं, तरी ती चूक मी तिच्या गळ्यात राहू दिली. मलाही ते सोपं गेलं. दोष द्यायला घरातलं माणूस होतं. तुझ्यावर ओरडावं म्हटलं की हे आठवतं आणि राग पुरा चढत नाही.

माफ केलं असं लिहिणार नाही. डोळा माझा गेला आहे, ते माझ्या सवडीने होईल तेव्हा होईल, न झालं तर नाही. पण तेवीस खुर्च्या राहिल्या आहेत आणि जुलैत बालवाडी भरते. आटे पाडायचं यंत्र घेऊन ये. मोजमाप तुला घ्यावं लागेल, मला अंतर कळत नाही.

सुटी मिळत नाही असं या वेळी लिहू नकोस.

भावोजी


दि. १ जुलै

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

नीट पोहोचलास ना? तू तीन दिवस इथे होतास आणि तुम्हा दोघांमध्ये मिळून वीस वाक्यं झाली असतील, तीही मापाची, इंच आणि सूत एवढीच. जेवतानाही दोघं भिंतीकडे बघत होतात. जाताना तू वाकून नमस्कार केलास तेव्हा यांनी पाय मागे घेतले, ते मी पाहिलं आणि तूही पाहिलंस. त्याबद्दल मी काही लिहीत नाही.

पण एक गोष्ट तुला माहीत नाही. तू बाहेर मशीनपाशी होतास, तेव्हाची.

नव्या लोखंडी पाइपच्या सगळ्या सांध्यांना, गळती दिसावी म्हणून, साबणाचा फेस लावून झाला आणि तू सगळ्यांना शेडबाहेर जायला सांगितलंस. मास्तर गेले, मी दारात आले. हे निघाले नाहीत. दारापाशी पाइप वळतो तिथे जाऊन उभे राहिले, अगदी जवळ, पाइपला हात लावून. तू बाहेरून विचारलंस, “आत कुणी नाही ना?”

हे म्हणाले, “कुणी नाही. सोड हवा.”

मला ओरडावंसं वाटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मीही आत गेले आणि त्यांच्या उजव्या बाजूला उभी राहिले, जिकडचं त्यांना दिसत नाही तिकडे. मी आलेय हे त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी कोपर माझ्याकडे थोडं सरकवलं. तू व्हॉल्व्ह उघडलास. मीही पाइपला हात लावला होता, आतून हवा धावत आल्याचं हाताला कळलं, लोखंड जरासं थरथरलं, आणि मग काहीच नाही. तू बाहेरून काट्याचे आकडे ओरडून सांगत होतास. चार. पाच. सहा. सातला तुझा आवाज फाटला.

हे तसेच उभे होते. मग मला म्हणाले, त्याला सांग, गळत नाही.

मी बाहेर येऊन तुला तेवढंच सांगितलं. आम्ही कुठे उभे होतो ते सांगितलं नाही. तू मशीनच्या मागे तोंड लपवून बसला होतास, तेव्हा सांगायचं धाडस झालं नाही.

काल संध्याकाळी दोन खुर्च्या रंगवून झाल्या. एकीचा रंग ओघळला आहे. हे म्हणाले, राहू दे, कुणीतरी त्याच खुर्चीसाठी भांडेल.

पुढच्या सुटीत येशील तेव्हा काम काढून येऊ नकोस, नुसता ये. आणि ‘लोभ मागत नाही’ असं तू मागच्या पत्रात लिहिलं होतंस, ते माझ्यापुरतं मी खोडलं आहे.

तुझी ताई