हवेच्या तोंडातला फडका

खोपोली, ४ मे १९४३, संध्याकाळ

पेट्रोल मिळत नाही, म्हणून मी चालवतो ती डॉक्टरांची मोटार आठ-आठ दिवस उभी असते. कार्बोरेटरच्या हवेच्या तोंडात कुंभारीण माशी मातीचं घर करते, म्हणून मी तिथे बायकोच्या लुगड्याचा फडका कोंबतो. आज तो न काढताच इंजिन सुरू केलं. गचके देऊन बंद पडलं. फडका ओढला, तर अर्धाच हातात आला. बाकीचा आत गेला? की आधीच फाटका होता? खोलून बघावं, तर डॉक्टर ओसरीवरच.

उद्या त्यांच्या गरोदर लेकीला घेऊन बोरघाट चढायचाय; तुकडा आत असला, तर मोटार चढावरच बंद पडायची. बायको म्हणाली, "सांगा जावा त्यांना, गप नका बसू."

गेलो. मी तोंड उघडायच्या आत डॉक्टर म्हणाले, "तू आहेस म्हणून मला घोर नाही रे."

मान डोलावून परत आलो. अर्धा फडका खिशातच होता.