साबणाच्या तुकड्याने गप्प केलेलं घर

३ मार्च, मंगळवार

बाथरूमचं दार गप्प करायला आलेला एकूण खर्च: साबणाचा नखाएवढा तुकडा एक, दीड मिनिट, आणि बायकोचा टोमणा एक. "एवढा मोठा फर्निचरचा कारखाना, आणि घरच्या बिजागऱ्यांना उष्टा साबण!" उष्टा साबण! हे हिलाच सुचावं.

ही महिनाभर म्हणत होती, दार किंचाळतं. मी उघडून पाहिलं, मला काही फारसं वाटलं नाही. तरी घासला साबण. आता चिडीचूप.

तुकडा फेकायचा नाही ही सवय भाड्याच्या करवतीवर काम करायचो तेव्हाची. स्क्रू साबणावर घासून मगच लाकडात घालायचा. लोण्यात जावा तसा जातो, लाकूड चिरत नाही. आज बारा माणसं हाताखाली आहेत, तरी खिशात तुकडा असतोच. गेल्या महिन्याभरात त्याने काय काय केलं! स्वयंपाकघरातला अडकणारा खण आता एका बोटाने सरकतो. लेकीच्या बॅगेची अडकलेली चेन सुटली. आरशावर वाफ धरायची, ती बंद. हिच्या बोटात रुतलेली अंगठी निघाली. गॅसच्या नळीला साबणाचं पाणी लावलं, बुडबुडे आले, तेव्हा कळलं नळी फुटलीय. त्या दिवशी मात्र कोणी उष्टं म्हटलं नाही.

४ मार्च, बुधवार

आज हिने कपाट काढलं. म्हणजे विषय काढला—कपाट काढायचा!

"रोज सकाळी सहाला ते दार उघडायचं म्हणजे कानात सुई खुपसून घ्यायची. मला नको ते. नवं आणा."

मी हादरलोच. ते कपाट मी केलेलं पहिलं. लग्नाआधी, मालाच्या खोक्यांच्या फळ्या गोळा करून. आतल्या बाजूला माझं पेन्सिलीचं माप अजून आहे, दोन बोटं चुकलेलं. त्यानंतर हजारभर कपाटं केली असतील, सगळी लोकांच्या घरी गेली. माझं म्हणावं असं हे एकच.

बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी ठरलं: रविवार संध्याकाळपर्यंत कपाट गप्प झालं तर राहील. नाही झालं तर घराबाहेर, आणि मी तोंडातून ब्र काढायचा नाही.

"घे लिहून," मी म्हटलं. "रविवारी टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी शांतता देतो."

ही हसली. कशाला हसली?

५ मार्च, गुरुवार

वरची बिजागरी, मधली, खालची—तिन्ही घासल्या. दार दहा वेळा उघडलं, मिटलं. आवाज नाही! लेक दारात उभी होती. "बाबा, अजून आहे." आईची वकील!

६ मार्च, शुक्रवार

माझ्याच घरात कट शिजतोय. दोघी आत कुजबुजतात आणि मी गेलो की भाजीवर येतात.

मला बनवतायत! अहो, माझा कारखाना माझ्या कानांवर उभा आहे. फळीवर टिचकी मारली की आतली गाठ सांगतो. शेजारच्या खोलीत पॉलिशवाले माझी नक्कल करतात तीसुद्धा ऐकू येते. (बरी करतात. खोकला जमत नाही.) या वयात असे कान शंभरात एखाद्याला असतील.

संध्याकाळी मिस्त्रीला घरी आणलं. वीस वर्षं माझ्याकडे आहे, लाकडातला देवमाणूस. त्याच्यासमोर दार उघडलं, मिटलं.

"काय मिस्त्री, आवाज?"

"कसला आवाज, मालक?"

"ऐकलंस?" मी हिच्याकडे वळलो.

"ऐकलं. पगार कोण देतं त्यांना?"

मिस्त्री चहा अर्धा टाकून निघाला. घाई असेल.

७ मार्च, शनिवार

बिजागऱ्या उतरवून, धुऊन, पुन्हा साबण लावून बसवल्या. हाताला दिवसभर लहान बाळासारखा वास. उद्या बघतोच.

८ मार्च, रविवार

पंच म्हणून समोरच्या गाणं शिकवणाऱ्या बाईंना मीच बोलावलं. तयार कान, आणि त्यांना मी पगार देत नाही!

बाई खुर्चीवर, ही पलंगावर, लेक दाराशी. मी जादूगारासारखा बाह्या सारून पुढे झालो आणि दार सावकाश उघडलं. शांतता.

म्हणजे, मला शांतता. वळून पाहिलं तर तिघींचे डोळे गच्च मिटलेले, खांदे कानांशी गेलेले. म्हटलं, बरा सराव केलाय! मग यांच्याकडे पाहतच दार मिटलं. पुन्हा तेच. उघडता उघडता मध्येच थांबलो. तिघी थांबल्या. पुढे ढकललं—तिघी एकाच क्षणी आकसल्या.

माझा हात कधी थांबणार हे मलाही ठाऊक नव्हतं. नाटक इतकं जुळत नाही.

बाई हळूच म्हणाल्या, "काका, फार बारीक आहे हो. पण आहे. तुम्हाला खरंच...?"

ही टोमणा मारील म्हणून वाट पाहिली. नाही मारला.

९ मार्च, सोमवार

मिस्त्रीला केबिनमध्ये घेतलं. "खरं सांग."

"ओरडत होतं, मालक."

"आणि तू मला म्हणालास..."

"तुम्ही इतके खूश होता."

बाथरूमचं दार? लेकीला फोन करून विचारलं. तेही ओरडतंच होतं. साबण लावल्यावरही.

शब्द म्हणजे शब्द. दुपारी माणसं नेऊन कपाट बाहेर काढलं. ही म्हणाली, "राहू द्या हो, पैज कसली." मी ब्र काढला नाही. ते कारखान्यात माझ्या केबिनमध्ये ठेवलंय. तिथे मशिनीपुढे त्याचं कोण ऐकतंय! पेन्सिलीचं माप तेवढं एकदा पाहून घेतलं.

हिने डॉक्टरांची उद्याची वेळ घेतलीय. मला न विचारता. शुक्रवारीच घेतली होती म्हणे.

१० मार्च, मंगळवार

कानाचे डॉक्टर. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर यंत्र चढवलं. शिट्टी ऐकू आली की बोट वर करायचं. काचेबाहेर ही आणि लेक. चाळीस वर्षं करवतीजवळ उभं राहून बारीक आवाज गेलेत, म्हणाले, पाच-सहा वर्षं तरी झाली असतील. ऐकायचं यंत्र घ्यावं लागेल.

एकूण वीस शिट्ट्या वाजवल्या. मी नऊ वेळा बोट वर केलं. त्यातल्या चार वेळा शिट्टी वाजलीच नव्हती.