तन्मयच्या पेशींचं दार

म्हैसूर, गुरुवार

ती. आईस लांबूनच वाकून नमस्कार.

मी ठीक आहे. घरमालकीण जयलक्ष्मीबाई मला रागीमुद्दे, म्हणजे नाचणीच्या उकडीचे गोळे, न चावता गिळायला शिकवतायत. धाकट्या तन्मयचा ताप उतरला का?

त्याच्या तपासण्या मी आमच्या प्रयोगशाळेतल्या मॅडमना दाखवल्या. रोगाशी लढणाऱ्या पेशीत तिच्या दारातून कॅल्शियम शिरलं, की ती जागी होते, साखर ओढून घेते आणि जंतूंवर तुटून पडते. तन्मयच्या पेशींचं ते दार जन्मतःच उघडत नाही. मग तू कितीही दूध, नाचणी दे, कॅल्शियम बाहेरच राहतं. उपचार मोठा आहे, पण आहे.

"आईचं दूधच पातळ," असं आत्या बारशापासून म्हणते ना? हे पत्र तिला मोठ्यानं वाचून दाखव. पण आधी तू वाच. तुलाही ते खरं वाटत आलंय.

तुझी,
ऋजुता