पोत्यावरची जागा

आई,

काल शाळा सुटल्यावर मी बॅलेच्या तिकिटांची चौकशी करायला गेले होते. बॅले म्हणजे काय ते तू पाहिलं आहेस, फक्त त्याला हे नाव असतं हे तुला कुणी सांगितलं नव्हतं. निपाणीच्या वखारीत तुम्ही बायका ज्याला मुक्यांचा खेळ म्हणायचात, तेच हे. तोंडानं एक शब्द बोलायचा नाही आणि सगळी गोष्ट नाचून सांगायची. दिवाळीनंतर अशी एक मंडळी बेळगावात येणार आहे, चौकाचौकात कागद लागले आहेत आणि माझ्या वर्गातल्या मुलींनी माझ्यामागं भुणभुण लावली आहे. हौसेला मोल नाही म्हणतात, पण तिकिटाला असतं. लढाई संपली तरी महागाई काही संपलेली नाही, आणि मास्तरणीच्या पगारात खुर्चीचं तिकीट काढायचं म्हणजे महिन्याच्या रॉकेलवर पाणी सोडायचं. बायकांना वेगळा दर आहे का, शाळेला सूट आहे का, पहिल्या दिवशी स्वस्त असतं की शेवटच्या, सगळं विचारून झालं. खिडकीतला माणूस वैतागला नाही हा त्याचा चांगुलपणा. शेवटी तो म्हणाला, "बाई, स्वस्तात पाहिजे तर पुढं जमिनीवर बसा. बसायला मात्र आपापलं आणायचं." परवडणारं तिकीट असं समोर आलेलं असताना मी "उद्या बघते" म्हणून घरी निघून आले. मागं उभ्या असलेल्या गृहस्थांना वाटलं असेल, बाईला जमिनीवर बसायची लाज वाटते.

तू असतीस तर त्याच्याकडून आणखीही कमी करून घेतलं असतंस. घासाघीस करावी तर तूच. मी शाळेत होते तेव्हा एका वर्षी ती मुक्यांच्या खेळाची मंडळी कोल्हापूरहून बेळगावला जाताना एका रात्रीपुरती निपाणीत थांबली होती आणि मालकांनी त्यांना आपली वखार दिली होती, कारण नवा माल यायला अवकाश होता. एका टोकाला फळ्या टाकून रंगमंच केला, मागं व्यापाऱ्यांसाठी खुर्च्या मांडल्या, एका बाजूला त्यांच्या घरच्या बायकामुलांसाठी जाजम घातलं. रंगमंचाच्या पुढची जमीन तेवढी उघडी राहिली. तू वखारीत तंबाखू चाळणारी बाई, पण डोक्यावर पदर घेऊन सरळ त्यांच्या मॅनेजरपुढं जाऊन उभी राहिलीस. मी तुझ्यामागं होते. म्होरली जागा मोकळीच ऱ्हाणार हाय न्हवं, असं तू त्याला विचारलंस, आणि बसायचं आमचं आम्ही आणतो, तुम्ही निम्मे पैसे घ्या, असा तोडगाही तूच सुचवलास. त्याला तेवढंच घबाड. मग तू गल्लीतल्या आणि वखारीतल्या बायकांना घरोघर जाऊन सांगितलंस. कुणाची सासू नाही म्हणत होती, कुणाला नाच बघणं म्हणजे बदनामी वाटत होती. सगळ्यांना तू एकच सांगत होतीस, मी हाय न्हवं संगट, काय झालं तर माझं नाव सांगा. खेळ बघायची तुझी स्वतःची हौस त्यात किती होती, हे मला फार पुढं कळलं. तेव्हा मला वाटायचं, हे सगळं माझ्यासाठीच चाललं आहे.

आता बसायचं काय न्यायचं हा प्रश्न. घरटी एक घोंगडं, ते पोरांच्या अंगावर. तेव्हा तुम्ही मुकादमाला विचारून वखारीतली रिकामी पोती घेतलीत. तू ती दगडावर आपटून आपटून झाडलीस, दिवसभर उन्हात घातलीस आणि संध्याकाळी नाकाशी धरून म्हणालीस, आता कसला वास न्हाय. बाकीच्या बायकांनीही हुंगून तेच सांगितलं. आई, तंबाखूच्या माणसाला तंबाखूचा वास येत नसतो. आपल्या अंथरुणाला यायचा, माझ्या वेणीला यायचा, शाळेत माझ्या शेजारच्या मुली नाकाला पदर लावायच्या तेव्हा मला कळायचं. मला कळायचं, आणि तरी त्या संध्याकाळी मीसुद्धा ते पोतं हुंगून मान हलवली.

खेळ सुरू होतो. दोन गॅसबत्त्या, एक मृदंग, एक बासरी. दोन मुली एक लांबलचक निळं कापड दोन्ही टोकांना धरून हलवतात आणि वखारीत नदी येते. सासरी नांदणारी एक पोर पंचमीला माहेरी निघाली आहे, आणि नदीला पूर. ती नावाड्याच्या पाया पडते, तो हातानंच नाही म्हणतो. ती काठावरून इकडून तिकडं धावते, पायातले चाळ नुसते रडतात. तू माझा हात घट्ट धरला होतास. बायका पुढं सरकल्या, गुडघ्यावर उठून बघायला लागल्या, आणि त्यांच्या खालच्या पोत्यांतून बारीक भुकटी वर उठली. आम्हाला काहीच जाणवलं नाही. पहिल्यांदा नावाडी शिंकला. मागं खुर्च्यांत हशा पिकला. मग नदी धरणारी एक मुलगी शिंकली आणि नदी निम्मी खाली पडली. हशा आणखी वाढला. पण ती माहेरवाशीण नाचून नाचून धापा टाकत होती, तिनं तोंडानं मोठा श्वास घेतला आणि तिला असा ठसका लागला की ती फळ्यांवर बसूनच गेली. डोळ्यांतून पाणी, चेहरा लालबुंद. मृदंग थांबला. मॅनेजर हात जोडून पुढं आला, आणि मालक खुर्चीतून उठून ओरडले, ही पोती कुणी आणली म्हणून.

 ज्यांना तू माझं नाव सांगा म्हणाली होतीस, त्यांनीही ते सांगितलं नाही, एवढं त्यांच्या बाजूनं म्हणायला हवं. तू आपणहून उभी राहिलीस. "म्या आणली, मालक. ह्या बायकांचा काय गुन्हा न्हाय." मालक काय म्हणाले ते मी इथं लिहीत नाही. तू मान खाली घालून ऐकून घेतलंस, मग बायकांकडं वळून हळूच म्हणालीस, "उठा गं. आपापली पोती घ्या आन् भाईर चला. धूळ उडवू नगा."

सगळ्या उठल्या. मी उठले नाही. म्हणजे उठले, पण दाराकडं गेले नाही. जाजमावर माझ्या वर्गातली व्यापाऱ्याची मुलगी बसली होती. तिनं थोडं सरकून जागा केली आणि मला हातानं बोलावलं. मी जाऊन तिथं बसले. दारातून बाहेर पडताना तू मान उंच करून मला शोधत होतीस. चोराच्या मनात चांदणं, मी पुढं बसलेल्या बाईच्या पाठीआड डोकं घातलं. तुला वाटलं असेल, मी इतर पोरींबरोबर पुढं गेले. मला भीती वाटली असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले. पण भीती मालकांची नव्हती. ह्या बायकांपैकी मी नाही, असं मला थोडा वेळ कुणीतरी समजावं, एवढंच वाटत होतं. त्याची लाज मला आज वाटते तशी तेव्हा वाटली नाही.

खेळ संपल्यावर मी गर्दीतून निसटून बाहेर आले. भिंतीला टेकून तुम्ही सगळ्या थंडीत बसला होतात, आतला मृदंग ऐकत. तू विचारलंस, कुठं गेलतीस. मी म्हणाले, हितंच की, आडापाशी. तू पोतं खांद्यावर टाकलंस. वाटेत बायका तुझ्याशी बोलत नव्हत्या. निम्मे पैसे देऊन निम्माच खेळ मिळाला, असं एकजण मुद्दाम मोठ्यानं म्हणाली. तू झपझप पुढं चालत राहिलीस. घराजवळ आल्यावर मात्र मला हळूच विचारलंस, "शेवटाला टाळ्या लई पडल्या. पोचली आसंल काय गं ती माहेरला?"

आणि मी म्हणाले, "मला काय ठावं? मी तर भाईर हुतो."

पुढं वखारीत चाळताना बायकांचा राग गेला आणि तुमच्यात त्या पोरीवरून वाद सुरू झाले. एकीनं तिला नदीत बुडवली, दुसरीनं तिच्या भावाला होडी घेऊन आणलं. तू म्हणायचीस, नाव न्हाय तर काय करंल, गेली आसंल माघारी सासरला. तुझं माहेर घटप्रभा नदीच्या पलीकडं, आणि लग्नानंतर तू तिथं किती वेळा गेलीस हे मला माहीत आहे. मला खरा शेवट ठाऊक होता. मी डबा घेऊन तुझ्याजवळ बसायचे, हे सगळं ऐकायचे आणि गप्प राहायचे. एकदा सांगितलं असतं तर मी कुठं होते हेही सांगावं लागलं असतं. तू आजारी पडलीस तेव्हा, तुझी छाती त्याच भुकटीनं भरली होती तेव्हा, एका दुपारी तू पुन्हा हसत हसत तो विषय काढलास. मी तुला औषध पाजलं आणि खिडकी लावून घ्यायला उठले.

कागदाची टंचाई आहे, म्हणून मुलींच्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूंवर हे लिहिते आहे. कुठं धाडायचं नाही, त्यामुळं चालेल. मला तुला फक्त शेवट सांगायचा आहे.

ती पोचली, आई. ठसका थांबल्यावर तिला पाणी दिलं, आणि त्यांनी तिथूनच पुढं सुरू केलं. नावाडी आलाच नाही. ती तशीच पाण्यात शिरली. त्या दोघी मुलींनी निळं कापड तिच्या गळ्यापर्यंत उचललं, मग डोक्यावरून नेलं, आणि ती दिसेनाशी झाली. वखारीत कुणी हललं नाही. मग कापड हळूहळू खाली आलं तेव्हा ती पलीकडं उभी होती. तिची आई दारात पाठमोरी बसून काहीतरी निवडत होती. तिनं वळून बघितलं, पण घाईनं उठली नाही. हातातलं सूप बाजूला ठेवलं, लेकीला जवळ बसवलं आणि आपल्या पदरानं तिचे केस पुसायला लागली. पुसतच राहिली. मृदंग थांबला तरी पुसत होती. ते मी जाजमावर बसून, तोंड उघडं टाकून बघितलं, आणि बघताना तू बाहेर थंडीत बसली आहेस हे मला एकदाही आठवलं नाही. मग टाळ्या पडल्या. तू ऐकल्यास ना त्या? त्यांत माझ्याही होत्या.